चौसष्ट दिव्यांची हजेरी

ऑफिसातल्या मीटिंग रूमच्या दाराशी आठ बटणांचा एक बोर्ड असतो. कुठल्याच बटणावर खूण नसते. पडद्यावर काही दाखवायचं म्हणून कुणीतरी पुढचे दिवे घालवायला उठतो, तर मागचे जातात. मग एसी जातो. मग भर मीटिंगमध्ये काळोख. शेवटी मामांना हाक मारावी लागते. ते येतात, न बघता बरोबर दोन बटणं दाबतात आणि कुणाकडेही न पाहता निघून जातात.

दोष बटणांचा नाही, तारेचा आहे. कोणता दिवा कोणत्या बटणाचं ऐकणार हे वायरमनने कंड्यूटमध्ये वायर ओढली तेव्हाच ठरलं. भिंतीवर प्लास्टर चढलं आणि तो निर्णय आत गाडला गेला. पुढे हॉलच्या दोन केबिन झाल्या, टेबलं फिरली, तरी दिवे जुन्याच जोडीदारांबरोबर लागत आणि विझत राहतात.

डाली हा यावरचा तोडगा. पूर्ण नाव डिजिटल अ‍ॅड्रेसेबल लायटिंग इंटरफेस, पण साइटवर ते कुणी म्हणत नाही. ‘डाली टाकलंय का?’ एवढंच विचारतात. वितळती घड्याळं काढणाऱ्या चित्रकाराशी या नावाचा काही संबंध नाही.

त्याआधी मोठ्या इमारतींत दिवे मंद करण्यासाठी एक ते दहा व्होल्टची पद्धत असे. दिव्याच्या चोकला दोन बारीक तारा, त्यांवर दहा व्होल्ट असले तर पूर्ण उजेड, एक असला तर कमीत कमी. सोपं होतं, पण तार लांबली की शेवटच्या दिव्यापर्यंतचा व्होल्टेज बदलायचा आणि एकाच ओळीतले दिवे वेगवेगळे दिसायचे. शिवाय दिवा पूर्ण घालवायला वेगळा रिले लागायचाच. १९९१ मध्ये ऑस्ट्रियाच्या ट्रायडॉनिकने याच तारांवरून व्होल्टेजऐवजी आकडे पाठवायला सुरुवात केली. मात्र त्या पद्धतीत दिव्याला स्वतःचा पत्ता नव्हता. एका तारेवरचे सगळे एकच हुकूम पाळत. पत्ता आला तो युरोपातल्या चोक बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून डाली आणलं तेव्हा. आधी ते आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेच्या चोकसंबंधीच्या मानकाचं एक परिशिष्ट होतं; २००९ पासून आयईसी ६२३८६ हे त्याचं स्वतंत्र घर झालं.

एका डाली लाइनवर जास्तीत जास्त ६४ दिवे. गट १६, आणि ‘सीन’ म्हणजे ठरवून ठेवलेल्या प्रकाशरचनाही १६. दोन तारा, त्यांवर साधारण १६ व्होल्ट, तीनशे मीटरपर्यंत लांबी. उलटसुलट जोडल्या तरी दिव्याला फरक पडत नाही, आणि हे ज्याने ठरवलं त्याने कधीतरी शिडीवर उभं राहून मान वर करून वायर जोडली असावी असा माझा संशय आहे. वेगळी केबलही लागत नाही. पाच कोरच्या साध्या केबलमध्ये फेज, न्यूट्रल आणि अर्थिंगच्या शेजारी या दोन तारा खुशाल बसतात. मात्र व्होल्टेज कमी म्हणून त्यांना बिनधास्त हात लावायचा नाही. मेनच्या तारेइतकाच धाक ठेवायचा.

वेग सेकंदाला १२०० बिट. आजच्या काळात हा आकडा ऐकून हसू येतं, पण याच संथपणामुळे साधी तार चालते, फाटे कसेही फोडता येतात. त्याची किंमतही आहे. सेकंदाला चाळीसएक हुकूमच जातात. चौसष्ट दिव्यांना एकेक करून सांगत बसलं तर पहिला विझून शेवटचा विझेपर्यंत दीड सेकंद जाईल आणि छतावर लाह्या फुटल्यासारखं दिसेल. म्हणून सीन हे हुकूम देणाऱ्या कंट्रोलरच्या डोक्यात न ठेवता प्रत्येक दिव्याच्या ड्रायव्हरमध्येच, म्हणजे आजच्या चोकमध्येच, लिहून ठेवतात. मग ‘सीन तीन’ असा एकच पुकारा होतो. कुणी मंदावतो, कुणी विझतो, कुणी उजळतो, सगळे एकदम. बँडवाल्याने फक्त हात खाली आणावा, सूर ज्याचे त्याला पाठ.

मला सगळ्यात आवडतो तो पत्ते वाटण्याचा प्रकार. कारखान्यातून आलेल्या ड्रायव्हरला नाव नसतं. चौसष्ट अनोळखी पोरं वर्गात बसली आहेत, गुरुजींना कुणी दिसत नाही, आणि हजेरी घ्यायची आहे. गुरुजी सांगतात, प्रत्येकाने मनात एक आकडा धरा, शून्यापासून एक कोटी सदुसष्ट लाखांपर्यंत कुठलाही. मग विचारतात, ‘ज्याचा आकडा निम्म्याच्या आत आहे त्याने ओ द्या.’ दहा जणांनी एकदम ओ दिली तरी बिघडत नाही. कुणीतरी आहे एवढंच कळायला हवं. आवाज आला की त्याच्याही निम्म्यावर, नाही आला की वरच्या निम्म्यात. चोवीस प्रश्नांत सगळ्यात लहान आकड्याचं पोर सापडतं. त्याला क्रमांक शून्य देऊन गप्प बसवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. दोघांनी एकच आकडा धरला तर? चौसष्ट जणांत तशी शक्यता सुमारे आठ हजारांत एक. तेव्हा त्यांना पुन्हा आकडे धरायला लावतात.

हजेरी काही मिनिटांत होते, पण बारा नंबरचा दिवा छतावर नेमका कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. मग एक जण लॅपटॉपवर बारा नंबर लुकलुकवतो आणि दुसरा नकाशा घेऊन मजलाभर मान वर करून हिंडतो. ‘दिसला का?’ ‘खांबामागे!’ कमिशनिंगच्या, म्हणजे यंत्रणा चालू करून देण्याच्या, किती रात्री यात जातात हे माहितीपत्रकात छापत नाहीत. आणि एवढा खटाटोप करून केलेली फाइल हरवली, की पुढे एखादा ड्रायव्हर जळाल्यावर इलेक्ट्रिशियन नवा बसवतो, तो बिनपत्त्याचा परका गटाचं काही ऐकत नाही, आणि ‘हे सगळं फॅड आहे’ असा निकाल लागतो.

उजेडाच्या पायऱ्या २५४. त्या सारख्या उंचीच्या नाहीत. १२७ व्या, म्हणजे बरोबर मधल्या पायरीवर दिवा फक्त तीनेक टक्के उजेड देतो. पन्नास टक्के गाठायला २२९ व्या पायरीवर जावं लागतं. हे विचित्र गणित डोळ्यासाठी केलेलं आहे. काळोखात एक पणती वाढली तरी डोळ्याला कळते, लखलखाटात दहा वाढल्या तरी नाही. म्हणून खालच्या पायऱ्या बारीक आणि वरच्या मोठ्या.

पैसे वाचतात का? न्यूयॉर्क टाइम्सची ५२ मजली इमारत २००७ मध्ये उभी राहिली. रेन्झो पियानो यांनी तिच्या काचांवर सिरॅमिकच्या दांड्यांची जाळी चढवली होती. बांधण्याआधी मजल्याच्या एका कोपऱ्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभारून लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने तीत पडदे आणि दिवे पारखून घेतले. डालीच्याच घराण्यातली यंत्रणा बसवली गेली; खिडकीतून ऊन आलं की जवळचे दिवे आपोआप मंदावतात. नियमानुसार बांधलेल्या तशाच इमारतीच्या मानाने वर्षाची वीज २४ टक्क्यांनी कमी लागल्याचं २०१३ मध्ये त्याच प्रयोगशाळेने सांगितलं. पण त्यात आपोआप चढणाऱ्या-उतरणाऱ्या पडद्यांचा आणि जमिनीखालून खेळवलेल्या हवेचाही वाटा आहे. विक्रेते हे श्रेय एकट्या दिव्यांना देऊन टाकतात.

इमर्जन्सी दिव्यांचं काम मात्र निर्विवाद. बॅटरी ठरलेला वेळ टिकते का हे पाहायला पूर्वी एक माणूस वीज घालवून घड्याळ घेऊन उभा राहायचा. आता दिवा ठरल्या वेळी स्वतःच बॅटरीवर जातो आणि आपला निकाल सांगतो, नापास झाला तरी.

आणि तारच तुटली तर? सहसा फॉल्स सीलिंगवाल्याच्या पान्याखाली ती येतेच. लाइनवरचे १६ व्होल्ट गेले की प्रत्येक ड्रायव्हर आपल्यापुरता ठरवतो. कारखान्यातून येताना त्याला एकच गोष्ट शिकवलेली असते: कुणी काही बोलेनासं झालं, तर पूर्ण उजेड दे. म्हणून सगळी इमारत झोपलेली असताना एकच मजला रात्री दोनला लख्ख पेटलेला दिसला, तर खालचा जाणकार इंजिनियर ‘कोण जागतंय’ असं विचारत नाही. शिडी मागवतो.