दुखण्याचा नंबर आणि बिल

कापडाच्या बिलावर एचएसएन नंबर चुकला की कटकट होते, हे आपण व्यापारी जाणतोच. अमेरिकेत दवाखान्याच्या बिलाचेही तसेच. १ ऑक्टोबर २०१५ पासून तिथे आजाराला आयसीडी-१० चा नंबर लागतो. मज्जासंस्थेचे आजार 'जी' अक्षराखाली: मिरगी जी ४०, अर्धशिशी जी ४३. मनगटातली नस दबून बोटांना मुंग्या येतात, हे दुखणे आपल्या शिलाई कारागिरांच्या ओळखीचे. त्यात उजवा हात जी ५६.०१, डावा जी ५६.०२. ऑपरेशन उजव्याचे अन् नंबर डाव्याचा पडला, तर विमा कंपनी पैसे अडवते. मेंदूत गुठळी होऊन आलेला झटका मात्र 'आय'मध्ये, रक्ताभिसरणाच्या खात्यात. नवखे इथेच चुकतात.

हे काम आपल्या देशातली मुलेही करतात. क्लासची फी भरण्याआधी मुलाला डॉक्टरांचे इंग्रजी टिपण वाचता येते का, हे आम्ही तरी आधी पाहू.