कोलॅजेनचा डबा आणि पोटाचा घेर

कोलॅजेन हे माणसाच्या शरीरात सर्वांत जास्त असलेले प्रथिन. एकूण प्रथिनांपैकी सुमारे ३० टक्के. त्याची तिपेडी वेणीसारखी रचना १९५४-५५ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी उलगडली. पायाचा रस्सा निवला की थलथलीत होतो, तो शिजून जिलेटिन झालेल्या कोलॅजेनमुळेच. मेडिकलमध्ये मिळणारी पूड मात्र आणखी बारीक तुकडे केलेली, पाण्यात सहज विरघळणारी असते. ती गुरांच्या कातड्यापासून किंवा माशांच्या खवल्यांपासून बनते. वनस्पतींत कोलॅजेन नसतेच, त्यामुळे माळकरी घराने डब्यावरची मांसाहाराची तपकिरी खूण आधी पाहावी.

वजन आणि शुगर उतरवण्यासाठी ही पूड घ्यावी का? स्पेनमधील एका चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. वजन जास्त असलेल्या साठेक जणांपैकी ज्यांनी १२ आठवडे रोज २० ग्रॅम कोलॅजेन घेतले, त्यांचे वजन सरासरी ३ किलो घटले. इतरांचे दीड किलो. वरचा रक्तदाबही थोडा उतरला. पण गोम अशी, की ते कोलॅजेन मुद्दाम पोटात फुगेल आणि सावकाश पचेल असे तयार केलेले होते. भूक त्यानेच आवरली असावी. विरघळणाऱ्या पुडीला हा निष्कर्ष चिकटवता येत नाही.

शिवाय आपल्याकडे नुसत्या वजनावरून अंगातल्या चरबीचा अंदाज चुकतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३ होता. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ मध्ये ही जोडी छापली. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच वजन जास्त धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरपुढे गेला, तर शुगर तपासणे बरे.

प्रथिन म्हणूनही कोलॅजेन लंगडेच. ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल त्यात नाही. स्नायू राखायचे तर आपल्या शिवारात पिकणारी तूर, हरभरा, सोयाबीन किंवा रोजचे अंडे सरस. शंभर ग्रॅम तूरडाळीत वीसेक ग्रॅम प्रथिने मिळतात. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा आणू नये आणि डबा आणला म्हणून शुगरची गोळी कुणीही बंद करू नये.