मांडवापासून बांधीपर्यंत

गोंदिया जिल्ह्यात धान घरात आलं की लग्नं निघतात. तुळशीचं लग्न उरकलं की मुहूर्त सुरू होतात, आणि तिथून थेट पाऊस लागेपर्यंत फ्रीलान्स फोटोग्राफरला उसंत नसते. त्याला ना दुकान, ना पाटी. बॅगेत दोन कॅमेरे, दोन-तीन लेन्स, फ्लॅश आणि बॅटऱ्या, तारखा मोबाइलमध्ये. आज आमगावला हळद, उद्या तिरोड्याला लग्न, परवा सीमेपलीकडे बालाघाटला रिसेप्शन. कधी स्वतःची ऑर्डर, कधी एखाद्या स्टुडिओसाठी रोजावर. शहरात मंडळींना हिंदीतून ओळीत उभं करायचं, खेड्यात झाडीबोलीतून, पोवारांच्या मांडवात पोवारीतून. मामा कोण, मोठी आत्या कोण, आहेर कुणाचा आधी, हे ज्याला पहिल्या तासात कळत नाही, त्याचा अल्बम कितीही देखणा असला तरी घरच्यांच्या मनाला येत नाही.

मांडवातला उजेड हा या धंद्यातला सर्वांत कठीण विषय. वर लाल-पिवळं कापड ताणलेलं असतं. सवयीने फ्लॅश वर वळवून मारला, तर तो कापडाचा रंग घेऊनच खाली येतो. आधीच हळदीने पिवळी झालेली नवरी मग फोटोत कावीळ झाल्यासारखी दिसते. म्हणून जाणता माणूस मांडवात फ्लॅश वर वळवत नाही. सहायकाच्या हातात छत्री लावलेला लाइट देऊन तो बाजूने उजेड आणतो. स्टेजवरच्या स्वस्त एलईडी दिव्यांचा आणखी एक त्रास आहे. वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते, त्याच्या दुप्पट तालावर हे दिवे डोळ्यांना न जाणवेल असे लुकलुकतात आणि वेगवान शटरवर फोटोत काळे आडवे पट्टे उमटतात. शटर एक-शतांश सेकंदावर आणलं की पट्टे जातात, पण मग नाचणाऱ्याचा हात पुसट येतो. दोन्हींतलं काय सोसायचं, हे उभ्या उभ्या ठरवावं लागतं. शेवटचं ‘सावधान’ होऊन अंतरपाट खाली येतो तेव्हा चारी बाजूंनी अक्षता उडत असतात आणि लेन्ससमोर पाहुण्यांचे दहा मोबाइल आलेले असतात. तो क्षण पुन्हा घेता येत नाही. म्हणूनच या कामात दोन मेमरी कार्डं एकाच वेळी भरणारा कॅमेरा लागतो. एक कार्ड बिघडलं तरी लग्न शाबूत राहतं.

लोकांना दिसतं ते एवढंच काम. खरं राबणं त्यानंतरचं. एका लग्नात अडीच हजार फोटो सहज निघतात. चोवीस मेगापिक्सेलची एक रॉ फाइल पंचवीस-तीस एमबीची धरली, तर एका लग्नाचे साठ-सत्तर जीबी होतात, व्हिडिओ वेगळाच. ते उतरवायचे, त्यांची दुसरी प्रत करायची, मिटलेले डोळे बाजूला काढायचे, रंग सारखे करायचे, अल्बमची पानं लावायची. इकडे घरच्यांचा फोन सुरू असतो, “भाऊ, फोटो कधी भेटतीन जी?” आणि अल्बम तयार झाल्यावर उरलेले पैसे मागायला गेलं, की तीच माणसं पुढच्या महिन्याचा वायदा करतात. फोटोग्राफरचा दिवस मांडवातल्या तासांवर मोजला जातो, ही या व्यवसायातली मूळची गफलत आहे.

आता ड्रोनचीही मागणी आली. गोंदियाजवळ बिरसीचा विमानतळ असल्यामुळे इथे ते प्रकरण नाजूक आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाभोवतालच्या क्षेत्रात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि अडीचशे ग्रॅमहून जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायला प्रमाणपत्रधारक पायलट लागतो. वधूपित्याला हे पटवून नकार देणं हाही कामाचा भाग झाला आहे.

लग्नं सोडून या माणसाच्या कॅमेऱ्यात जे येतं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. तिथला गोवारी नाच, दंडार, रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहांकडे चालत जाणारे गोंड भाविक, शेजारच्या राज्यांतून आलेले. शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. आषाढातली धानाची रोवणी. यातलं बरंचसं कुणी पैसे देऊन काढून घेत नाही. लग्नाच्या कमाईतून घेतलेल्या लेन्सने, रिकाम्या दिवसांत, तो स्वतःच्या मनाने काढतो.

आणि सारस. महाराष्ट्रात हा पक्षी उरला आहे तो प्रामुख्याने याच जिल्ह्यात. वैनगंगा आणि बाघ नदीच्या काठच्या धानाच्या बांध्यांमध्ये, परसवाड्यासारख्या तलावांवर. माणसाएवढा उंच, पाच-साडेपाच फुटांचा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. पावसाळ्यात पाणी साचलेल्या धानात तो गवतकाड्यांचं घरटं रचतो आणि बहुधा दोन अंडी घालतो. इथला शेतकरी घरट्याभोवतालचं धान राखतो, म्हणून तो टिकला. अशा वेळी फोटोग्राफरची परीक्षा असते. लांब पल्ल्याची लेन्स महाग, त्यामुळे पायांनी अंतर कमी करायचा मोह होतो. जोडी घरट्यावरून उठली की अंडी कावळ्यांना उघडी पडतात. इथले चांगले फोटोग्राफर म्हणूनच विणीच्या काळात शेताच्या धुऱ्यावरून पुढे जात नाहीत आणि फोटोखाली जागेचं नाव लिहीत नाहीत. याच जिल्ह्यातल्या नवेगावबांधचे पक्षी अरण्यलेखक मारुती चितमपल्लींनी शब्दांतून मराठी घरांत पोचवले. आज ते काम पुष्कळसं या निनावी फोटोंवर आलं आहे. वर्तमानपत्रात, सरकारी फलकांवर, पर्यटनाच्या जाहिरातींत हे फोटो छापले जातात, आणि खाली नाव बहुतेक वेळा नसतंच.

नाव न देणं हे कायद्यालाही धरून नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा माणूस. मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो पैसे देणारा. पण कर्ता म्हणवून घेण्याचा हक्क तरीही काढणाऱ्याकडेच राहतो. स्वतःच्या मनाने काढलेल्या सारसाच्या फोटोवर तर मालकीही त्याचीच. यातलं काहीच इथल्या तोंडी सौद्यांत येत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. नवरीचा फोटो तिला न विचारता स्वतःच्या जाहिरातीत टाकणं हेही चूकच.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. त्याची पंचवीसेक वर्षं आज कुठे साठवलेली असतील तर ती बरीचशी या लोकांच्या घरातल्या हार्ड डिस्कमध्ये: मातीची घरं पाडून आलेले स्लॅब, लग्नातून नाहीशी झालेली वाजंत्री, आता आटलेल्या बोड्या म्हणजे लहान तळी, गेलेल्या आज्या. जुनी डिस्क एक दिवस खरखरते आणि बंद पडते. नवी घ्यायला त्या महिन्यात पैसे नसतात. कुठल्या ग्रंथालयाने वा महाविद्यालयाने या फाइलींच्या प्रती मागून ठेवल्या, तर खर्च फार नाही. तोवर निदान एवढं हातात आहे: प्रत्येक फोल्डरला गावाचं नाव आणि तारीख द्यावी, आणि ॲडव्हान्सच्या पावतीवर दोन ओळी छापून घ्याव्यात, फोटो कोण कुठे वापरू शकेल आणि मूळ फाइली किती वर्षं सांभाळल्या जातील.