गोल अडवणाऱ्यांचा इतिहास

दरवर्षी २९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, आम्ही आठवीच्या वर्गात एक प्रश्न विचारतो : भारतीय हॉकी संघातील पाच खेळाडूंची नावे सांगा. मेजर ध्यानचंदांचे नाव सारा वर्ग एका सुरात घेतो. मग एकदोन नावे अडखळत येतात आणि वर्ग शांत होतो. जी नावे येतात, ती बहुधा गोल करणाऱ्यांची असतात. गोलरक्षकाचे नाव आजवर क्वचितच आमच्या कानी आले आहे.

यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. इतिहास साधनांवरून लिहिला जातो आणि सामन्याचे साधन म्हणजे गुणफलक. त्यावर केलेल्या गोलांची संख्या राहते आणि गोल करणाऱ्याचे नाव राहते. अडवलेल्या गोलाची नोंद मात्र शून्य या एका आकड्यात बुजून जाते. त्या शून्यामागे कोण उभे होते, हे शोधण्याचा येथे अल्प प्रयत्न करीत आहोत.

१९२८ साली ॲमस्टरडॅम येथील ऑलिम्पिकमध्ये भारताने हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळवले. पाच सामन्यांत भारताचे २९ गोल झाले. त्यांपैकी १४ ध्यानचंदांचे, आणि ते सर्वांच्या स्मरणात आहेत. परंतु त्या पाच सामन्यांत भारतावर एकही गोल झाला नाही, ही बाब तितकीच मोठी आहे. गोलरक्षक होते रिचर्ड ॲलन. त्यांचा जन्म आपल्या नागपूरचा. पण नागपुरात तरी हे किती जणांना ठाऊक असेल? ॲलन १९३२ व १९३६ च्या विजयी संघांतही होते. १९३६ च्या बर्लिन स्पर्धेत भारताने ३८ गोल केले आणि केवळ एक स्वीकारला.

१९२८ च्या संघाचे कर्णधार जयपालसिंह मुंडा हेही बचावफळीतले खेळाडू. आजच्या झारखंडमधील खुंटीजवळच्या टकरा या गावी आदिवासी कुटुंबात जन्मलेला हा तरुण ऑक्सफर्डमध्ये शिकला. आयसीएसच्या प्रशिक्षणात असताना खेळासाठी रजा मिळेना, तरी ते ॲमस्टरडॅमला गेले आणि पुढे त्यांनी त्या सेवेवर पाणी सोडले. अंतिम सामन्यात ते मैदानावर नव्हते. नेतृत्व एरिक पिनिगर यांनी केले. पुढे जयपालसिंह संविधान सभेचे सदस्य झाले. ज्या सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून उत्तरे देत होते, त्याच सभागृहात जयपालसिंह आदिवासींची बाजू मांडत होते. मैदानावर असो वा सभागृहात, बचावाचे काम त्यांनी सोडले नाही.

तिसरे नाव शंकर लक्ष्मण. जन्म १९३३ साली महू येथे, म्हणजे बाबासाहेबांच्याच जन्मगावी. सैन्यात ते बँडपथकात दाखल झाले आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीत सेवा करून पुढे कॅप्टनच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने ३८ गोल केले. भारतावर एकही झाला नाही. अंतिम सामना पाकिस्तानविरुद्ध १–० असा सुटला. १९६० साली रोममध्ये हाच आकडा उलटला आणि सुवर्णपदक पाकिस्तानकडे गेले. १९६४ साली टोकियोत मोहिंदर लाल यांच्या एका गोलावर भारताने ते परत मिळवले. एका गोलावर सामना जिंकता येतो तो दुसऱ्या बाजूचा गोल होत नाही म्हणूनच. आजचे गोलरक्षक शिरस्त्राण व छातीवर कवच घालतात. त्या काळी पायांना पॅड आणि हातांत मोजे, एवढाच आधार असे.

१९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत लक्ष्मण कर्णधार होते आणि भारताने सुवर्णपदक पटकावले. गोलरक्षकाकडे संघाचे नेतृत्व सोपवणे ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती. त्यांना अर्जुन पुरस्कार व पद्मश्री मिळाली. परंतु आयुष्याची अखेर महूमध्ये आजारपणात आणि ओढग्रस्तीत गेली. २००६ साली त्यांचे निधन झाले. म्हणजे सन्मान मिळाला होता. तुटली ती आठवण.

चौथे नाव मायकेल किंडो. झारखंडच्या सिमडेगा परिसरातील हे आदिवासी बचावपटू १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या आणि १९७५ साली क्वालालंपूर येथे विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होते. भारतीय पुरुष संघाचा तो आजवरचा एकमेव विश्वचषक. त्या अंतिम सामन्याचे स्मरण निघाले की अशोककुमार यांचा विजयी गोल आठवतो. किंडो यांचे नाव २०२० च्या अखेरीस, त्यांच्या निधनाच्या बातमीत, अनेकांनी पहिल्यांदाच वाचले असावे.

हे लिहिताना ध्यानचंदांची थोरवी तसूभरही कमी करण्याचा आमचा हेतू नाही. पाया मोजल्याने कळस खुजा होत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याची नोंद होत नाही त्याचे श्रम नव्हतेच असे पुढची पिढी धरून चालते. म्हणून नोंद करणे हेही न्यायाचेच काम आहे.

याची सुरुवात आम्ही आमच्याच मैदानावर केली आहे. आंतरवर्गीय सामन्यांच्या वहीत आजवर दोनच रकाने होते : गोल आणि गोल करणारा. यंदा तिसरा रकाना आखला आहे – ‘अडवलेले’. पहिल्याच सामन्यात त्यात नववीच्या गोलरक्षकाच्या नावापुढे सात हा आकडा पडला. त्याचा संघ हरला होता. तरी सामना संपल्यावर तो वही पाहायला आला, आकड्यावर बोट ठेवून काही क्षण उभा राहिला आणि मग पॅड सोडू लागला.