लाथेचा हक्क

लंडनच्या आग्नेयेस, ग्रीनिचच्या टेकडीमागे, ब्लॅकहीथ नावाचा एक उघडा माळ आहे. १३८१ साली वॅट टायलरच्या बंडखोर शेतकऱ्यांनी लंडनवर चालून जाण्यापूर्वी याच माळावर तळ ठोकला होता. पुढे कित्येक वर्षे वाटमाऱ्यांच्या भीतीने प्रवासी येथून जीव मुठीत धरून जात. असल्या जागी १८५८ साली जो फुटबॉल क्लब निघाला, त्याच्या अंगी थोडा दांडगेपणा आला असेल तर त्यात नवल ते काय?

क्लब काढणारी मंडळी मात्र दांडगी नव्हती. ब्लॅकहीथ प्रोप्रायटरी स्कूल नावाच्या शाळेतून बाहेर पडलेली ती सुखवस्तू घरची मुले. शाळा सुटली तरी चेंडूची ओढ सुटेना, म्हणून त्यांनी एकत्र येऊन खेळ चालू ठेवला. १८६२ साली माजी विद्यार्थ्यांचे कुंपण काढून त्यांनी इतरांनाही आत घेतले. पैशासाठी खेळायचे ही कल्पनाच तेव्हा कोणाच्या मनात नव्हती.

त्या काळी फुटबॉल हा एक खेळ नव्हता. ईटनचा वेगळा, हॅरोचा वेगळा, रग्बी शाळेचा आणखी वेगळा. रग्बीच्या खेळात चेंडू हातात घेऊन पळता येई, आणि पळणाऱ्याला थांबवायचे तर त्याच्या नडगीवर बुटाची लाथ घालण्याची मुभा असे. याला म्हणत ‘हॅकिंग’. ब्लॅकहीथची मंडळी याच पंथातली. त्यांच्या १८६२ च्या नियमांत एक मौजेचे कलम आहे: घोळक्यात प्रतिपक्षाला धरून ठेवण्यास हरकत नाही, पण त्याचा गळा दाबणे हे खेळाच्या तत्त्वांना सर्वस्वी सोडून आहे! नियम करणाऱ्यांना असे लिहून ठेवावेसे वाटले, यावरूनच माळावर काय चालत असेल याची कल्पना यावी.

दोन क्लबांचा सामना ठरला की खेळापूर्वी वादच अधिक. हा गोंधळ मिटवावा म्हणून २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्न या खानावळीत निरनिराळ्या क्लबांचे प्रतिनिधी जमले. तेथे फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. आलेल्या मोजक्या संस्थांपैकी तीन एकट्या ब्लॅकहीथ भागातल्या होत्या. बार्न्स क्लबचे एबनेझर मॉर्ली हे चिटणीस झाले आणि ब्लॅकहीथ क्लबचे फ्रान्सिस मॉल कँपबेल यांच्याकडे खजिना आला. सारे काही गोडीगुलाबीने चालले होते.

नोव्हेंबरात नियमांचा पहिला मसुदा झाला, तोही ब्लॅकहीथला मानवेल असाच. चेंडू झेलून पळावे. पळणाऱ्याला धरावे, पाडावे, लाथही मारावी. फक्त एकाच वेळी धरायचे आणि लाथही मारायची, एवढे मात्र नाही. दयेची हद्द ती एवढीच!

परंतु केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी त्याच सुमारास केलेली नियमावली मॉर्ली आणि त्यांच्या मित्रांच्या पाहण्यात आली. तिच्यात ना चेंडू घेऊन पळणे होते, ना लाथा. यांची मने फिरली. १ डिसेंबरच्या सभेत खरी जुंपली. मॉर्ली व्यवसायाने वकील. त्यांचे म्हणणे साधे होते: लाथा ठेवल्या तर जाणत्या वयाचा कोणी खेळायला येणार नाही, खेळ शाळकरी पोरांपुरताच उरेल. ज्याला दुसऱ्या दिवशी कचेरीत हजर राहायचे आहे, त्याने फुटकी नडगी घेऊन जायचे कसे? कँपबेल उसळले. लाथा काढल्या तर खेळातली छाती आणि धमक निघून जाईल. मग मी फ्रेंच माणसे आणून एका आठवड्याच्या सरावावर तुम्हाला हरवून दाखवतो, असे त्यांनी बजावले. (फ्रेंचांनी रग्बीत इंग्लंडला प्रथम हरवले ते १९२७ साली; सरावाला आठवड्याहून थोडा अधिक वेळ लागला.)

शाळांना सुटी लागेपर्यंत सभा तहकूब करावी, म्हणजे शाळांचे प्रतिनिधीही येतील, ही कँपबेल यांची सूचना ४ विरुद्ध १३ मतांनी पडली. दोन्ही कलमे कापली गेली. ८ डिसेंबरला कँपबेल यांनी ब्लॅकहीथचे नाव काढून घेत असल्याचे सांगितले.

येथे कँपबेल यांची बाजूही पाहिली पाहिजे. मसुदा एक दाखवायचा आणि ऐन वेळी दुसराच मंजूर करायचा, हा व्यवहार कोणालाही झोंबला असता. शिवाय वाद केवळ लाथेचा नव्हता. चेंडू हाती घेऊन पळणे हा तर त्यांच्या खेळाचा प्राण. पण भांडताना त्यांनी जोर दिला तो लाथेवर, आणि इतिहासात त्यांचे नाव लाथेशीच जोडलेले राहिले.

पुढली काही वर्षे ब्लॅकहीथ आणि त्याच पंथाचे क्लब आपापल्या नियमांनी खेळत राहिले. पुन्हा तोच घोळ. शिवाय या खेळातल्या दुखापतींविषयी वर्तमानपत्रांतून ओरड होऊ लागली. अखेर डिसेंबर १८७० मध्ये रिचमंड क्लबचे एडविन ॲश आणि ब्लॅकहीथचेच बेंजामिन बर्न्स यांनी ‘टाइम्स’मध्ये पत्र प्रसिद्ध करून रग्बीवाल्यांना एकत्र येण्याचे आवाहन केले. २६ जानेवारी १८७१ रोजी पॉल मॉल रेस्टॉरंटात २१ क्लब जमले आणि रग्बी फुटबॉल युनियन उभी राहिली. वॉस्प्स क्लबचा माणूस भलत्याच जागी जाऊन बसला आणि संस्थापकांच्या यादीतून त्याचा क्लब हुकला, अशी आख्यायिका आहे.

नियम लिहायला रग्बी शाळेचे तीन माजी विद्यार्थी बसले, तिघेही वकील. त्यांतल्या मेटन यांचा पाय खेळतानाच मोडला होता, म्हणून घरी पडल्या पडल्या पुष्कळसे लिखाण त्यांनीच उरकले. जूनमध्ये नियम मंजूर झाले. चेंडू घेऊन पळणे अर्थातच राहिले. आणि हॅकिंग? कोणत्याही परिस्थितीत चालणार नाही, असे स्पष्ट कलम घातले गेले. ज्या लाथेसाठी ब्लॅकहीथने घर सोडले होते, ती आठ वर्षांच्या आत त्यांच्या नव्या घरातूनही हद्दपार झाली. मॉर्लींचा कचेरीचा मुद्दा त्यांच्या विरोधकांनीच पटवून घेतला म्हणायचे!

त्यामुळे क्लबाचे तेज कमी झाले नाही. मार्च १८७१ मध्ये एडिंबरोच्या रेबर्न प्लेसवर स्कॉटलंडविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना झाला, त्यात इंग्लंडचे कर्णधार होते ब्लॅकहीथचे फ्रेडरिक स्टोक्स. सामना स्कॉटलंडने जिंकला. १८८१ साली इंग्लंड आणि वेल्स प्रथम एकमेकांसमोर आले ते ब्लॅकहीथलाच, रिचर्डसन नावाच्या गृहस्थांच्या शेतात. १८८३ पासून रेक्टरी फील्ड हे क्लबाचे मैदान झाले आणि २०१६ साली पहिला संघ तेथून एल्थमच्या वेल हॉलला गेला.

मैदान बदलले तरी ‘ब्लॅकहीथ फुटबॉल क्लब’ हे जुने नाव काही सुटले नाही. त्यात ‘रग्बी’ हा शब्द नाही.