न झालेल्या लढाईची कहाणी

आपल्या डिचोली-पेडण्याच्या मुलुखात नवलकथांना तोटा नाही. साळ गावी होळीनंतरच्या रात्री गडे भारल्यासारखे डोंगराकडे धाव घेतात. शिरगावी श्रीलईराईच्या जत्रेत धोंड रसरशीत निखाऱ्यांवरून अनवाणी चालून जातात. कोणी यात देवाचा संचार पाहतो, कोणी मनोबलाचा प्रभाव. मतभेद असोत, पण या नवलांना गाव आहे, तिथी आहे, आणि ज्याला शंका असेल त्याला तेथे जाऊन उभे राहण्याची मोकळीक आहे. आज वाचकांपुढे मांडावयाचे नवल मात्र निराळ्या जातीचे आहे. ते डिचोलीच्या नावाने जगभर वाचले गेले, आणि डिचोलीत ते कधीच घडले नव्हते.

इंटरनेटवर विकिपीडिया नावाचा मुक्त ज्ञानकोश आहे. त्यात कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे, अशी त्याची रीत. त्याच्या इंग्रजी आवृत्तीत जुलै २००७ मध्ये कोणा टोपणनावाच्या लेखकाने ‘डिचोली संघर्ष’ या विषयावर एक प्रदीर्घ लेख घातला. १६४० ते १६४१ या काळात गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात अघोषित युद्ध पेटले, डिचोलीच्या परिसरात चकमकी झडल्या आणि अखेर तह झाला, असा त्याचा आशय. सुमारे साडेचार हजार शब्दांचा तो मजकूर; खाली ग्रंथांची नावे, पृष्ठांकांसह तळटिपा. थाट असा की, एखाद्या पंडिताने आयुष्य वेचून लिहिले असावे! दोनच महिन्यांत, सप्टेंबर २००७ मध्ये, या लेखावर ‘चांगला लेख’ अशी मोहोर उमटली. हा मान त्या कोशातील शंभरांत एका लेखालाही मिळत नाही.

पाच वर्षांहून अधिक काळ ही लढाई अशी सुखेनैव नांदली. डिसेंबर २०१२ मध्ये एका चिकित्सक संपादकाने तळटिपांतील ग्रंथ शोधावयास घेतले, तो मुख्य आधार म्हणून दिलेले ग्रंथ अस्तित्वातच नाहीत! लेख काढून टाकण्यात आला, आणि जानेवारी २०१३ मध्ये ही गोष्ट देशोदेशींच्या वृत्तपत्रांत झळकली.

आता खरा इतिहास काय सांगतो ते पाहू. १६४० साली शिवाजी महाराज अवघे दहा वर्षांचे होते. शहाजीराजे विजापूरच्या आदिलशाहीचे सरदार होते आणि डिचोलीवरही अंमल आदिलशाहीचाच होता. पोर्तुगीजांच्या हाती गोव्यात तिसवाडी, बार्देश आणि साष्टी एवढाच मुलूख होता, आणि त्यांच्या राजधानीचे नाक समुद्राच्या बाजूने डचांनी दाबून धरले होते. मराठा साम्राज्याचा त्या वेळी उदयच झालेला नव्हता. लढणाऱ्या दोन पक्षांपैकी एक पक्ष जन्माला येण्यापूर्वीच त्याच्या नावावर ही लढाई मांडली गेली!

मग इतकी वर्षे ती पचली कशी? माझ्या मते या प्रकरणातील खरे गूढ हेच आहे, आणि ते उकलणारे आहे. पहिले कारण असे की, असत्याला सत्याचे अस्तर लावले होते. पोर्तुगीज खरे, मराठे खरे, डिचोली खरी, आणि त्यांच्यातील वैरही पुढे खरेच घडले. नोव्हेंबर १६६७ मध्ये महाराजांच्या फौजा बार्देशात उतरल्या. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी जुवे बेट घेऊन गोव्याच्या राजधानीचा थरकाप उडवला. दुसरे कारण, तळटिपा पाहिल्या गेल्या, ग्रंथ उघडले गेले नाहीत. साक्षीदार किती, हे विचारले. साक्षीदार आहेत का, हे कोणी विचारले नाही.

तिसरे कारण आपल्याला झोंबणारे आहे. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या पुराभिलेखागारातील दप्तरे चाळण्यात हयात घालवली. त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ १९६७ सालापासून मराठीत उपलब्ध आहे. तो ज्यांना वाचता येतो, ते या कोशाकडे फिरकले नाहीत. आणि जे त्या कोशात न्यायनिवाडा करीत होते, त्यांना डिचोली कोठे आहे हे तरी ठाऊक असेल काय? घरधनी ओसरीवर नसला की परका मनुष्य दारावर आपल्या नावाची पाटी लावतो.

हा केवळ करमणुकीचा विषय नव्हे. आमच्या शाळांतील मुले आज प्रकल्पासाठी पुस्तक उघडण्यापूर्वी पडदा उघडतात. पडद्यावर दिसले ते त्यांना छापील अक्षराइतकेच प्रमाण वाटते. त्यांना दटावून काही साधणार नाही. त्यांना चार प्रश्न विचारण्याची सवय लावावी. हे कोठे घडले? केव्हा घडले? त्या वेळी तेथे राज्य कोणाचे होते? आणि सांगणाऱ्याने ते कशावरून सांगितले? डिचोलीची ती लढाई तिसऱ्याच प्रश्नाला कोसळली असती.

ज्यांना चौथ्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी पाहावयाचे असेल, त्यांनी मुलांना घेऊन डिचोली तालुक्यातील नार्वे येथे जावे. दिवाडी बेटावरील मूळ देवालय पोर्तुगीजांनी पाडल्यावर श्रीसप्तकोटेश्वर येथे आले. शके १५९० मध्ये, म्हणजे नोव्हेंबर १६६८ मध्ये, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने या देवालयाचे काम सुरू झाले, आणि तसा शिलालेख तेथे आहे. २०२३ साली जीर्णोद्धार होऊन देऊळ पुन्हा उजळले आहे. त्या शिलालेखात जेमतेम एका वाक्याचा मजकूर आहे. साडेचार हजार शब्दांच्या त्या लेखाशेजारी तो मुलांना वाचून दाखवावा, आणि दोहोंत पुरावा कशाला म्हणायचे हे त्यांनाच ठरवू द्यावे.