जाळे भरले, म्हणजे मासे वाढले का?

बडनेरा म्हटले की रेल्वेचे जंक्शन आठवते, मासेमारी कोणाला आठवणार नाही. मुंबईचा समुद्र येथून आगगाडीच्या वाटेने सुमारे साडेसहाशे किलोमीटर दूर आहे. तरीही समुद्रातल्या मासेमारीविषयीचा एक मूलभूत प्रश्न मला नीट उमगला तो वऱ्हाडातल्या एका नदीकाठी, वैशाखातल्या उन्हात.

पेढी, पूर्णा यांसारख्या आपल्या नद्यांची उन्हाळ्यात काय दशा होते हे वाचकांना सांगायला नको. धार तुटते, पात्र उघडे पडते आणि मधूनमधून डोह तेवढे उरतात. पावसाळ्यात लांबवर पसरलेले मासे या डोहांत गोळा होतात. अशाच एका डोहात भोयांचे जाळे पडले आणि भरून वर आले. काठावरचा एक शाळकरी मुलगा आनंदाने म्हणाला, "आबा, औंदा मासे लय वाढले!" जाळे ओढणारे वृद्ध गृहस्थ हसले. म्हणाले, "वाढले नाही बापू, दाटले."

वाढणे आणि दाटणे यांतला हा फरक ध्यानात ठेवून आता आपण थोडे दूर, उष्ण कटिबंधातल्या महासागरांत जाऊ.

मोसमामागे फिरणाऱ्या नौका

छंद म्हणून गळाने मोठे समुद्री मासे धरण्याचा खेळ जगात अनेक ठिकाणी चालतो. त्यासाठी खास नौका असतात. नौकेवर एक कप्तान आणि एक-दोन खलाशी असतात, आणि हौशी पाहुणे भाडे देऊन त्यांच्याबरोबर जातात. हौस पाहुण्यांची असली तरी खलाशांचे पोट या मोसमावर चालते. म्हणून मासा जिकडे, तिकडे मोसम, आणि मोसम जिकडे, तिकडे खलाशी. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या बाहेर, केर्न्सच्या उत्तरेस, काळ्या मार्लिनचा मोसम साधारणपणे सप्टेंबर ते डिसेंबर असा असतो. मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, ग्वाटेमाला, कोस्टा रिका, पनामा या देशांच्या समोर, हिवाळ्याच्या महिन्यांत सेलफिशसाठी नौका जमतात. सेलफिश म्हणजे पाठीवर शिडासारखा उंच पर आणि पुढे भाल्यासारखी चोच असलेला मासा. ग्वाटेमालाच्या समोर एकाच दिवसात एका नौकेला अनेक सेलफिश भेटू शकतात. अटलांटिकाच्या पश्चिम भागात इतकी रेलचेल सहसा नसते.

मग पूर्व पॅसिफिकात सेलफिश फार आहेत असे म्हणावे का? येथे आपल्या डोहाकाठच्या आबांची आठवण होते.

काही संशोधकांनी मार्लिन आणि सेलफिश यांच्या अंगावर लहान नोंदयंत्रे बसवली. मासा किती खोल गेला, तेथे पाण्याचे तापमान किती होते, हे यंत्र टिपत राहते. ठरलेल्या दिवशी ते सुटून पाण्यावर तरंगते आणि उपग्रहामार्फत नोंदी पाठवते. ही यंत्रे बसवण्याच्या कामात हौशी नौकांच्या खलाशांची फार मदत झाली, कारण मोठा मासा न दुखावता नौकेजवळ आणणे हे त्यांचेच कसब. अशा नोंदींवरून एरिक प्रिन्स आणि फिलिप गुडइयर यांनी २००६ साली एक निष्कर्ष मांडला. पश्चिम अटलांटिकातले हे मासे बरेच खोल जातात. पूर्व पॅसिफिकातले मात्र बहुतेक वेळ पृष्ठभागाजवळच्या पातळ थरात काढतात. त्यांच्या पायाखाली, म्हणायचे तर, जमीनच नाही. खालच्या पाण्यात त्यांना पुरेल एवढा प्राणवायू नाही.

पाण्यातला श्वास

हवेत राहणाऱ्या आपल्याला प्राणवायूची टंचाई सहसा जाणवत नाही. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर गोड्या पाण्यात, ते हवेशी पूर्ण संपृक्त असले तरी, २० अंश सेल्सिअसला सुमारे ९ मिलिग्रॅम आणि ३० अंशांना सुमारे साडेसात मिलिग्रॅम एवढाच मावतो. समुद्राच्या खाऱ्या, कोमट पाण्यात तो आणखी कमी, सहा-साडेसहा मिलिग्रॅम असतो. म्हणजे पाणी जसे तापते तशी माशाची शिदोरी कमी होते, आणि नेमकी त्याच वेळी त्याची भूक वाढते, कारण उष्णतेबरोबर शरीरातल्या क्रियांचा वेग वाढतो.

सगळ्या माशांची गरज सारखी नसते. आपल्या डोहातली मरळ तोंड वर काढून थेट हवेतून श्वास घेऊ शकते, म्हणून गढूळ, साचलेल्या पाण्यातही ती तग धरते. रोहूला ते जमत नाही. कुपा (ट्यूना), मार्लिन, सेलफिश यांची तर दुसरीच तऱ्हा. ते तोंड किंचित उघडे ठेवून सतत पोहतात आणि पाणी कल्ल्यांवरून वाहते ठेवतात. थांबले तर गुदमरतात. कुपाच्या शरीरात गरम रक्ताच्या नलिका आणि थंड रक्ताच्या नलिका एकमेकींना चिकटून उलट दिशांनी जातात. त्यामुळे स्नायूंत निर्माण झालेली उष्णता कल्ल्यांतून बाहेर न जाता स्नायूंकडेच परत येते. स्नायू गरम राहतात आणि जोर वाढतो, पण त्याची किंमत प्राणवायूत मोजावी लागते. अशा माशांसाठी लिटरमागे सुमारे ५ मिलिग्रॅम ही संशोधकांनी धरलेली सीमा आहे. त्याखाली त्यांना फार काळ राहवत नाही.

खालचा मजला रिकामा का?

आता उष्ण समुद्राची रचना पाहू. वर उन्हाने तापलेले हलके पाणी, खाली थंड आणि जड पाणी. मध्ये तापमान झपाट्याने उतरते असा थर. हा थर झाकणासारखे काम करतो. वरचा प्राणवायू खाली सहज मिसळत नाही. वर वनस्पती-प्लवक वाढतात, मरतात आणि खाली पडतात. त्यांना कुजवताना जिवाणू खालचा प्राणवायू संपवतात. जेथे वाऱ्यामुळे खालचे पोषक पाणी वर येते, तेथे प्लवक भरपूर, म्हणून कुजणेही भरपूर.

आपला अरबी समुद्र या बाबतीत जगात ठळक आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे पोषक पाणी वर आणतात, त्यामुळे प्लवकांचे पीक जोमदार येते. पण उत्तरेला जमीन असल्याने तिकडून थंड, प्राणवायूयुक्त पाणी येण्याची वाटच बंद. परिणामी सुमारे १५० मीटरपासून १,००० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात, मुख्यतः मध्य आणि उत्तर अरबी समुद्रात, प्राणवायू अत्यल्प आहे, काही खोलीवर जवळजवळ शून्य. वरून पाहणाऱ्याला अथांग समुद्र दिसतो. कुपाला मात्र तो वरच्या मजल्यापुरताच राहण्यायोग्य आहे.

याचा दुसरा परिणामही ध्यानात घ्यावा. भक्ष्य असलेले लहान मासेही बरेचसे त्याच थरात सापडतात. शिकार आणि शिकारी एका खोलीत कोंडलेले. खायला मुबलक मिळते, म्हणूनच बहुधा पूर्व पॅसिफिकातले सेलफिश पश्चिम अटलांटिकातल्यांपेक्षा आकारानेही मोठे आढळतात. तेव्हा हा थर त्यांना निव्वळ शिक्षा आहे असे नाही. पण याच थरात गळ आणि जाळी पोचतात.

कोकणातला हंगाम

कोकण किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना अलीकडच्या वर्षांत १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस मासेमारीची बंदी असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून हंगाम सुरू करण्याची कोळी बांधवांची रीत तर त्याहून कितीतरी जुनी. हंगाम सुरू होतो तेव्हा, साधारणपणे ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्राच्या तळाशी खालचे कमी प्राणवायूचे पाणी सरकत आलेले असते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली या पाण्यावर महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले. त्याच्याही आधी, १९६८ साली, कार्ल बान्से यांनी दाखवले होते की असे पाणी तळावर पसरले की तळाशी राहणारे मासे तेथून हलतात.

म्हणजे तांडेलाला एका जागी रिकामे जाळे मिळते आणि दुसऱ्या जागी भरलेले, तेव्हा दोन्हींचे कारण एकच असू शकते. पहिल्या जागेचे मासे मेलेले नाहीत, आणि दुसऱ्या जागेचे वाढलेले नाहीत. ते सरकले आणि दाटले. अनुभवी तांडेल पाण्याचा रंग, पक्षी, प्रवाह यांवरून हे ओळखतो. हैदराबादची 'इन्कॉईस' ही संस्था उपग्रहांनी टिपलेले तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासे मिळण्याच्या संभाव्य जागा मच्छीमारांना कळवते. इंधन आणि श्रम वाचवणारी ही मोलाची सोय आहे. मात्र मासे कोठे आहेत हे कळणे वेगळे आणि किती आहेत हे कळणे वेगळे.

वर्गात करून पाहा

एका परातीत हरभऱ्याचे १०० दाणे सारखे पसरा. परातीच्या सुमारे विसाव्या भागाएवढे तोंड असलेली वाटी घ्या. डोळे मिटून ती परातीत पालथी घाला आणि खाली किती दाणे आले ते मोजा. असे वीस वेळा करून सरासरी काढा. ती सुमारे ५ येईल. आता सगळे दाणे परातीच्या अर्ध्या भागात सरकवा आणि वाटी त्याच भागात घाला. सरासरी १० च्या आसपास येईल. शेवटी ४० दाणे काढून टाका, उरलेले ६० परातीच्या चौथ्या भागात दाटवा आणि पुन्हा मोजा. सरासरी सुमारे १२.

विद्यार्थ्यांना विचारा: दाणे १०० चे ६० झाले, मग पकड दुपटीहून अधिक कशी झाली? हा प्रश्न पोकळ नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ कॉड मासा घटत असताना उरलेले मासे काही जागी एकवटत गेले आणि तेथे नौकांची जाळी भरत राहिली. त्या आकड्यांवर विसंबल्याने घट उशिरा उमगली. अखेर जुलै १९९२ मध्ये तेथील कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो कुटुंबांचा रोजगार एका दिवसात गेला.

आकड्यामागचे पाणी

समुद्राचे पाणी तापते आहे. १९६० नंतरच्या पन्नास वर्षांत जगातल्या महासागरांतला प्राणवायू सुमारे २ टक्क्यांनी घटला. उष्णकटिबंधीय ईशान्य अटलांटिकात मार्लिनसारख्या माशांना राहण्याजोगा वरचा थर १९६० ते २०१० या काळात सुमारे १५ टक्क्यांनी आकसला, असा अंदाज २०१२ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. परातीची कड आत सरकते आहे. अशा वेळी काही वर्षे गळांना आणि जाळ्यांना चांगले दिवस येतील, आणि तेच दिवस फसवे ठरण्याची भीती आहे.

म्हणून जाळ्यातल्या वजनाबरोबर आणखी काही नोंदी लागतात: मासा किती लांबीचा होता, कोणत्या खोलीवर मिळाला, त्यासाठी किती तास घालवले, पाणी किती तापले होते. हौशी नौकांचे खलाशी मासा मोजून, खूण लावून, पाण्याबाहेर न उचलता सोडून देतात तेव्हा अशीच नोंद तयार होते. आपल्या विद्यार्थ्यांनाही ती डोहावर करता येईल. वैशाखात डोहाची लांबी-रुंदी पावलांनी मोजावी, मोठ्यांच्या सोबतीने काठावरूनच, पाणी किती उरले ते विचारावे, आणि त्या दिवशी भोयांना काय मिळाले ते लिहून ठेवावे. पाऊस पडून नदी वाहू लागली की तेच पुन्हा विचारावे. तेव्हा जाळे हलके येईल. मासे कोठे गेले, हे मुलांनीच सांगावे.